जैवइंधन खरंच कमी प्रदूषण करतं का, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका जैवइंधन प्रकल्पाच्या अहवालात ‘पेट्रोलच्या तुलनेत ६० टक्के कमी उत्सर्जन’ असं लिहिलेलं आहे. त्याच पिकाच्या इंधनाला दुसरा एक अभ्यास पेट्रोलहून वाईट ठरवतो. मग खरं कुठलं, आणि असं मूल्यमापन स्वतः करायला बसलं तर सुरुवात कुठून करायची?

जीवनचक्र मूल्यमापनाचं, म्हणजे शेतापासून गाडीच्या धुरापर्यंतच्या सगळ्या परिणामांचा हिशेब मांडण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि हा प्रश्न मला दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं. उत्तर लांब आहे, पण त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. जैवइंधनाला स्वतःचा असा एक ठरलेला आकडा नसतो. ते इंधन बनवलं नसतं तर त्या जमिनीचं, त्या पिकाचं, त्या टाकाऊ मालाचं काय झालं असतं, याच्याशी तुलना केल्यावरच आकडा जन्माला येतो. तुलना बदलली की आकडा बदलतो, आणि बहुतेक अहवालांत पाणी मुरतं ते इथेच.

अमेरिकेतल्या मक्याच्या इथेनॉलचं उदाहरण घ्या. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये हिशेब मांडला. २०२२ साली नैसर्गिक वायूवर चालणारा नवा कारखाना गृहीत धरला, तर मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा सुमारे २१ टक्के कमी हरितगृह वायू सोडेल असा तो अंदाज होता. २०२२ मध्ये एक शोधनिबंध आला. त्याने मागे वळून पाहिलं: पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या सक्तीमुळे मक्याचा भाव किती चढला, किती गवताळ आणि पडीक जमीन नांगराखाली आली, किती जास्त खत पडलं. त्याचा निष्कर्ष असा की हे इंधन पेट्रोलइतकंच, आणि बहुधा पेट्रोलपेक्षा किमान २४ टक्के जास्त उत्सर्जनाचं आहे. पीक तेच, देश तोच, साधारण तसेच कारखाने. एकाने पुढचा अंदाज बांधला, दुसऱ्याने घडून गेलेलं मोजलं, आणि फरक मुख्यतः जमिनीच्या रकान्यात पडला. अमेरिकेतल्या इतर काही गटांचे हिशेब पुन्हा इथेनॉलच्या बाजूने जातात. त्यामुळे एखादा आकडा हातात पडला की तो खरा की खोटा यावर वाद घालण्याआधी, तो कशाच्या तुलनेत काढलाय ते शोधा.

आता मुळापासून. गाडीच्या नळकांड्यातून बाहेर पडणारा जैवइंधनाचा कार्बन डायऑक्साइड हिशेबात बहुतेक वेळा शून्य धरतात. कारण असं दिलं जातं की झाडाने तो आधी हवेतूनच घेतला होता. हे बरोबर आहे, पण अर्धवट. ते शेत आधीही हिरवंच होतं. तिथे दुसरं पीक असेल तर तेही कार्बन घेत होतं, जंगल असेल तर कितीतरी जास्त घेत होतं आणि साठवूनही ठेवत होतं. जैवइंधनाला श्रेय मिळायला हवं ते जास्तीच्या कार्बनचं: पूर्वी जेवढा शोषला जात होता त्याच्यावर जेवढा शोषला गेला, किंवा जो कचरा कुजून नाहीतरी हवेत जाणार होता तेवढ्याचं. राष्ट्रीय उत्सर्जनाच्या नोंदींमध्ये धुरातला हा कार्बन ऊर्जेच्या रकान्यात शून्य लिहितात, तो जमिनीच्या रकान्यात पकडला जाईल अशा विश्वासावर. जमीन दुसऱ्या देशात असली आणि तिथली नोंद कच्ची असली, तर तो कार्बन कुठल्याच वहीत येत नाही.

म्हणून कामाला बसलात की पहिल्या दिवशी कागदावर दोन चित्रं काढा: एक प्रकल्पासह, एक प्रकल्पाशिवाय. दुसऱ्या चित्रात जमीन, पाणी, कच्चा माल, सांडपाणी, पशुखाद्य, सगळं कुठे जात होतं ते लिहा. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही अशा मूल्यमापनाची आंतरराष्ट्रीय मानकं उद्दिष्ट आणि व्याप्ती आधी ठरवायला सांगतात ते याचसाठी. दुसरं चित्र काढताना लोक कंटाळतात, कारण त्याची माहिती सहज मिळत नाही. पण खरं मूल्यमापन त्या चित्रातच दडलेलं असतं.

एकक कोणतं घ्यायचं हा भाग पटकन उरकता येतो, पण चुकला तर सगळं वाकडं होतं. लिटरला लिटर लावू नका. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे आकारमानाने १० टक्के इथेनॉल मिसळलं तरी ऊर्जेच्या हिशेबाने पेट्रोलची जागा ७ टक्क्यांच्या आतच भरली जाते. बायोडिझेलमध्ये हा फरक लहान आहे, ३३ विरुद्ध ३६. तेव्हा एकक मेगाज्यूल घ्या, किंवा गाडीने कापलेला किलोमीटर. शेतजमिनीचा प्रश्न कळीचा असेल तर हेक्टरमागेही हिशेब मांडा, कारण मेगाज्यूलमागे चांगलं दिसणारं पीक हेक्टरमागे अगदी कंजूष निघू शकतं.

आता शेतात शिरू. ट्रॅक्टरचं डिझेल सगळ्यांना आठवतं, पण पुष्कळ पिकांत खरा भार नत्राचा असतो. नत्रखत बनवताना नैसर्गिक वायू किंवा कोळसा जळतो तो एक भाग. दुसरा भाग मातीतून निघतो. जमिनीतले जिवाणू खतातल्या नत्राचा थोडा अंश नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात, आणि हा वायू १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे. एकदा हाताने गणित करून बघा म्हणजे वजन कळेल.

समजा मक्याला हेक्टरी १५० किलो नत्र दिलं आणि १० टन दाणा आला. टनाला ४०० लिटरप्रमाणे ४,००० लिटर इथेनॉल, म्हणजे जवळपास ८५,००० मेगाज्यूल. दिलेल्या नत्रापैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडाला असं धरलं, तर दीड किलो नत्राचा जवळजवळ २.४ किलो वायू होतो. त्याला २७३ ने गुणा: सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. मेगाज्यूलमागे साडेसात ग्रॅम. ही झाली १ टक्क्याची गोष्ट. हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळाने (आयपीसीसी) २०१९ मध्ये मार्गदर्शिका सुधारली, त्यात रासायनिक खतासाठी दमट हवामानात १.६ टक्के आणि कोरड्या हवामानात ०.५ टक्के असे वेगळे आकडे दिले. म्हणजे तेच पीक, तेच खत, पण मेगाज्यूलमागे कुठे चार ग्रॅम तर कुठे बारा. त्यात पाण्यावाटे वाहून गेलेल्या नत्राचं अप्रत्यक्ष उत्सर्जन अजून धरलेलंच नाही. युरोपीय संघ तुलनेसाठी जीवाश्म इंधनाचा आकडा मेगाज्यूलमागे ९४ ग्रॅम धरतो, त्याच्यासमोर आठ ग्रॅमचा हा फरक ठेवा. ६० टक्के आणि ५० टक्के यांतला फरक अशा एकाच गृहीतकातून जवळपास भरून निघतो.

उत्पादकतेबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती माझ्या हातून झालेली चूक आहे. २००० नंतरच्या दशकात जट्रोफाची जगभर लाट होती. पडीक जमिनीवर, कमी पाण्यात, खताशिवाय येणारं तेलबियांचं झुडूप, असं त्याचं वर्णन व्हायचं. मी तेव्हा एका प्रकल्पाच्या हिशेबात हेक्टरी उत्पन्नाचा आकडा छापील साहित्यातून उचलला. तो चांगल्या जमिनीवरच्या, पाणी दिलेल्या झाडांचा होता. पाणी आणि खताचे आकडे मात्र मी पडीक जमिनीचे घेतले. दोन वेगळ्या शेतांचे आकडे एका ओळीत आले आणि इंधन कागदावर सुरेख दिसलं. प्रत्यक्षात पडीक जमिनीवर उत्पन्न त्याच्या जवळपासही गेलं नाही. हे फक्त माझ्याच वाट्याला आलं असं नाही, आफ्रिका आणि आशियातल्या कितीतरी लागवडी अशाच सोडून द्याव्या लागल्या. तेव्हापासून माझा एक नियम आहे: उत्पन्न, पाणी आणि खत हे तीन आकडे एकाच शेताचे, एकाच हंगामाचे असले पाहिजेत. ते तसे आहेत हे कुणी दाखवू शकत नसेल तर पुढचं गणित मी करत नाही.

कारखान्यात विचारायचा पहिला प्रश्न बॉयलरचा. वाफ कशावर निघते? ब्राझीलमधलं उसाचं इथेनॉल हिशेबात चांगलं ठरतं याचं मोठं कारण उसाचा चोथा आहे. तोच बगॅस जाळून वाफ आणि वीज दोन्ही निघतात, वर वीज विकलीही जाते. तेच ऊर्ध्वपातन कोळशावर चालवलं तर शेतातली सगळी कमाई चिमणीतून निघून जाते. बायोडिझेलमध्ये एक बारीक मेख असते. १०० किलो तेलात साधारण १० किलो मिथेनॉल मिसळून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळतं. ते मिथेनॉल बहुतेक वेळा नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनलेलं असतं. म्हणजे ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ बायोडिझेलच्या रेणूतही थोडा जीवाश्म कार्बन असतोच. धुराचा कार्बन सरसकट शून्य धरणाऱ्या तक्त्यात तो गळतो. इथेनॉलच्या आंबवण्याच्या टाकीत उलटं चित्र दिसतं. १८० ग्रॅम साखरेतून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही जवळपास शुद्ध. तो पकडून जमिनीखाली साठवला तर हिशेब खरोखर सुधारतो. नुसता शीतपेयाच्या कारखान्याला विकला, तर बाटली उघडली की तो पुन्हा हवेत. त्याचं श्रेय किती घ्यायचं ते पुन्हा ‘नसता तर काय’ यावर ठरतं.

मग येतो सहउत्पादनांचा गुंता. सोयाबीनमधून वजनाने सुमारे २० टक्के तेल आणि उरलेली पेंड मिळते. शेतातला सगळा भार तेलावर टाकायचा का? वजनाप्रमाणे वाटला तर तेलाच्या वाट्याला २० टक्के येतो. ऊर्जेप्रमाणे वाटला तर तेलाच्या किलोला ३७ आणि पेंडीच्या किलोला १७ मेगाज्यूल धरून साधारण ३५ टक्के. बाजारभावाप्रमाणे वाटला तर दरवर्षी वेगळा. युरोपीय संघाचे नियम ऊर्जेप्रमाणे वाटप करायला लावतात, कारण त्यात पळवाटा कमी राहतात. आयएसओ १४०४४ सांगतं की शक्यतो वाटप टाळा आणि व्यवस्थेची सीमा वाढवा: पेंडीमुळे दुसरीकडचं कुठलं पशुखाद्य वाचलं ते बघा आणि तेवढं वजा करा. मला दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, पण तिच्यात एक धोका आहे. इंधनाचं उत्पादन वाढत गेलं की पेंडीचा किंवा ग्लिसरीनचा बाजार भरतो आणि वाचलेल्या मालाचं श्रेय कागदावरच उरतं. मी नेहमी दोन्ही पद्धतींनी आकडा काढतो. निकाल एकाच बाजूला झुकला तर निश्चिंत. दोन बाजूंना झुकला तर ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहितो.

जमिनीचा भाग मी मुद्दाम इतका वेळ मागे ठेवला, कारण बाकी सगळे घटक एकत्र केले तरी कित्येकदा त्याच्यापुढे लहान ठरतात. पाम तेलाचं एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेलं गणित करू. एक हेक्टर जंगल तोडून पाम लावला. झाडांतला आणि मातीतला मिळून ६०० टन कार्बन डायऑक्साइड सुटला. पुढे वर्षाला ४ टन तेल, म्हणजे जवळपास १,४८,००० मेगाज्यूल बायोडिझेल. ते ६०० टन युरोपच्या नियमाप्रमाणे २० वर्षांत विभागले तर मेगाज्यूलमागे २०० ग्रॅम पडतात. अमेरिकी नियमाप्रमाणे ३० वर्षांत विभागले तर १३५. कुणी १०० वर्षं धरली तर ४१. ९४ ग्रॅमच्या डिझेलसमोर पहिले दोन आकडे नापास आणि तिसरा पास, आणि जमिनीवर घडलेली घटना मात्र एकच. म्हणून ‘जमीन-वापरातला बदल समाविष्ट आहे’ एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका, किती वर्षांत विभागला ते विचारा.

पीट जमिनीची गोष्ट आणखी कठीण. हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजत राहिलेल्या वनस्पतींचे हे थर आग्नेय आशियात कित्येक मीटर जाडीचे आहेत. पाम लावायला चर खणून पाणी काढलं की थराला हवा लागते आणि तो हळूहळू विरतो. निचरा केलेल्या पीटवरच्या पामसाठी आंतरसरकारी मंडळाचा आकडा हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बनचा आहे, म्हणजे ४० टन कार्बन डायऑक्साइड. वरच्याच तेलावर तो वाटा: मेगाज्यूलमागे सुमारे २७० ग्रॅम. दरवर्षी. इथे विभागणीची सोयच नाही, कारण निचरा चालू आहे तोवर हे थांबत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने हे ‘कार्बन कर्ज’ फिटायला किती वर्षं लागतील ते काढलं होतं: इंडोनेशिया-मलेशियातल्या पीटवरचं जंगल तोडून पाम लावला तर ४२३, साध्या सखल जंगलावर ८६, ब्राझीलच्या सेराडो या सव्हाना प्रदेशातल्या झाडोऱ्याच्या जागी ऊस लावला तर १७. हे तीन आकडे माझ्या टेबलासमोर कित्येक वर्षं चिकटवलेले होते. जैवइंधन चांगलं की वाईट असं कुणी सरसकट विचारलं की मी त्यांच्याकडे बोट दाखवायचो.

याहून अवघड आहे तो अप्रत्यक्ष बदल. तुमच्या प्रकल्पाने एक झाड तोडलं नाही, जुन्याच शेतातलं धान्य घेतलं. पण ते धान्य आधी कुणीतरी खात होतं किंवा जनावरांना घालत होतं. ती मागणी जात नाही. भाव चढतो आणि तिसऱ्याच देशात कुणीतरी नवी जमीन मोडतो. हे प्रत्यक्ष दिसत नाही, आर्थिक प्रारूपांतून काढावं लागतं. २००८ मध्येच आलेल्या एका दुसऱ्या अभ्यासाने हा परिणाम धरून मक्याच्या इथेनॉलचं ३० वर्षांचं उत्सर्जन पेट्रोलच्या जवळपास दुप्पट दाखवलं. त्यानंतर प्रारूपं सुधारत गेली. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये मक्याच्या इथेनॉलला या अप्रत्यक्ष बदलासाठी मेगाज्यूलमागे ३० ग्रॅम धरले होते, २०१५ मध्ये ते १९.८ वर आणले. उसाचे ४६ वरून ११.८ झाले. युरोपीय संघाने २०१५ मध्ये नोंदीसाठी दिलेले आकडे धान्यांना १२, साखरेच्या पिकांना १३ आणि तेलबियांना ५५ ग्रॅम असे आहेत. ५५ हा आकडा नीट पाहा. ९४ मधून तो आधीच वजा केला तर शेत, खत, कारखाना आणि वाहतूक या सगळ्यांसाठी ३९ उरतात, आणि बहुतेक तेलबियांचं बायोडिझेल तेवढ्यात बसत नाही. पुढे २०१९ मध्ये युरोपने पाम तेलाला जास्त अप्रत्यक्ष जोखमीचा माल ठरवलं आणि अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टांत त्याच्या इंधनाची गणना २०३० पर्यंत शून्यावर आणण्याचं ठरवलं.

या आकड्यांतली अनिश्चितता मोठी आहे हे खरंच. पण अनिश्चित आहे म्हणून तो रकाना रिकामा सोडायचा, म्हणजे तिथे शून्य लिहायचं. शून्य हाही एक अंदाजच आहे, आणि सगळ्यांत चुकीचा. मी हा घटक बाकीच्या आकड्यात मिसळत नाही. वेगळ्या ओळीत, खालची आणि वरची मर्यादा देऊन मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की निकालाचा किती भाग मोजलेला आहे आणि किती प्रारूपातून आलेला.

टाकाऊ मालाचं इंधन हा यातून बाहेर पडायचा रास्त मार्ग आहे. वापरलेलं खाद्यतेल, शेतातला पाचोळा, लाकडाचा भुसा, शेण यांना नवी जमीन लागत नाही. तरीही ‘नसतं तर काय’ हा प्रश्न सुटत नाही. पाचोळा शेतातच राहिला असता तर मातीतला सेंद्रिय कार्बन टिकला असता, धूप कमी झाली असती. सगळा उचलला तर पुढे खत वाढवावं लागतं. तोच पाचोळा शेतात जाळला जात असेल तर मात्र उचलणं जवळपास निर्भेळ फायद्याचं, कारण धूरही वाचतो. वापरलेल्या तेलाला जादा भाव मिळायला लागला की ताजं तेल ‘वापरलेलं’ म्हणून विकण्याचा मोह होतो. त्यामुळे तिथे प्रमाणपत्रापेक्षा संकलनाचा माग महत्त्वाचा: किती उपाहारगृहं, किती लिटर, कोणत्या तारखा.

आता पाणी. इथे जागतिक सरासरीचा उपयोग फार थोडा. मक्याच्या एका लिटर इथेनॉलमागे सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागतं, सोयाबीनच्या बायोडिझेलमागे सुमारे चौदा हजार, असे आकडे तुम्हाला भेटतील. ते चुकीचे नाहीत, पण त्यात पावसाचं पाणीही आहे. पावसावर आलेलं पीक आणि भूजल उपसून आलेलं पीक यांची बेरीज एका रकान्यात करणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देणं. पाऊस आणि सिंचन वेगळं करा, आणि सिंचनाचं पाणी त्या खोऱ्यात दरवर्षी जेवढं भरतं त्याच्यासमोर ठेवा. कारखान्यात लिटरमागे तीन-चार लिटर पाणी लागतं. शेताच्या मानाने ते नगण्य वाटतं, पण ते वर्षभर एकाच विहिरीतून निघतं.

सांडपाण्याबद्दल मी जरा जास्त बोलेन, कारण इथे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मळीपासून इथेनॉल बनवताना लिटरमागे १० ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर उरलेलं सांडपाणी, निघतो. गडद तपकिरी, आंबूस, गरम. त्यातली रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं ऑक्सिडीकरण व्हायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप, लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या आसपास असते. घरगुती सांडपाण्यात ती साधारण ५०० असते. एका कारखान्याच्या अहवालात ‘द्रव विसर्ग शून्य’ असं लिहिलेलं होतं. मी आवाराच्या मागच्या बाजूने उतार धरून चालत गेलो. शेवटच्या साठवण खड्ड्याच्या काठाला माती ओलसर होती, आणि त्याखालच्या पहिल्या विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात काळ्या चहासारखं दिसत होतं. विहिरीच्या मालकाने तो ग्लास माझ्या हातात दिला आणि काही बोलला नाही. त्या प्रकल्पाचं कार्बनचं गणित बरोबर होतं. त्या ग्लासाला त्यात जागाच नव्हती.

पण खड्डा कार्बनच्या हिशेबातही यायला हवा, आणि तो बऱ्याचदा येत नाही. १२ लिटर स्पेंट वॉश म्हणजे १.२ किलो ऑक्सिजन मागणी. खोल, उघड्या खड्ड्यात हवेशिवाय त्यातली निम्मी जरी कुजली तरी किलोला पाव किलोप्रमाणे दीडशे ग्रॅम मिथेन होतो. जैविक मिथेन १०० वर्षांच्या हिशेबाने २७ पट, म्हणजे ४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, एका लिटर इथेनॉलमागे. एक लिटर पेट्रोल जाळून सुमारे २.३ किलो निघतो. तोच मिथेन झाकलेल्या टाकीत पकडून बॉयलरमध्ये जाळला तर सात मेगाज्यूलच्या वर ऊर्जा मिळते, इथेनॉलमधल्या ऊर्जेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. पाम तेलाच्या गिरण्यांच्या सांडपाण्याचंही असंच. त्यामुळे झाकण आहे की नाही, आणि बिघाडाच्या दिवसांत वायू जाळला जातो की नुसता सोडला जातो, ही चौकशी कुठल्याही प्रारूपापेक्षा जास्त सांगून जाते.

वापराच्या टप्प्यावर चित्र मिश्र आहे. जुन्या डिझेल इंजिनांवरच्या चाचण्यांचं अमेरिकेत २००२ मध्ये विश्लेषण झालं, त्यात २० टक्के बायोडिझेलच्या मिश्रणाने धुरातले कण आणि कार्बन मोनॉक्साइड प्रत्येकी दहाएक टक्के, हायड्रोकार्बन वीसेक टक्के कमी झाले, नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्के वाढले. इथेनॉलने कार्बन मोनॉक्साइड घटतो पण ॲसिटाल्डिहाइड वाढतो, आणि १० टक्क्यांच्या आसपासच्या मिश्रणात बाष्पदाब वाढून टाकीतून उडणारी वाफही वाढते. आधुनिक गाळण्या आणि उत्प्रेरक असलेल्या गाड्यांत हे फरक आकसतात. शहराच्या हवेचा अभ्यास करायचा असेल तर तिथल्या गाड्यांचं वय आधी शोधा.

जैवविविधतेसाठी एकच आकडा देणाऱ्या पद्धतींवर माझा भरवसा कमी आहे. मी जुनी उपग्रह चित्रं बघतो. युरोपच्या नियमांत जानेवारी २००८ ही तारीख आहे, त्यानंतर जंगल, पाणथळ किंवा समृद्ध गवताळ प्रदेश मोडून आलेला माल पात्र धरत नाहीत. तुमचा प्रकल्प त्या नियमांखाली येत नसला तरी तीच तारीख धरून दोन चित्रं शेजारी ठेवा.

तुमच्या हातातल्या ६० टक्क्यांच्या अहवालाकडे परत येतो. तो बाजूला टाकू नका, त्यांची गणनपत्रिका (हिशेबाची स्प्रेडशीट) मागवा. त्यात नायट्रस ऑक्साइडचा गुणांक, उत्पन्नाचा स्रोत, बॉयलरचं इंधन, सहउत्पादनांच्या वाटपाची पद्धत, जमिनीच्या बदलाची वर्षं आणि खड्ड्यांतला मिथेन ही सहा घरं शोधा. प्रत्येक घरातला आकडा एकेक करून त्याच्या वाजवी मर्यादेपर्यंत वर-खाली हलवा आणि ६० टक्के कुठवर घसरतात ते लिहून ठेवा. ज्या एका-दोन घरांमुळे निकाल उलटतो तिथेच पुढचा वेळ आणि पैसा घाला: मातीचे नमुने घ्या, वायू मोजा, शेतकऱ्यांच्या वह्या बघा. आणि भेटीला जाल तेव्हा मुख्य दरवाजातून बाहेर पडण्याआधी मागच्या बाजूचा उतार एकदा पायी उतरा.